उचलीची वेठ व खातेदाराचे कर्तव्य

बियाणे, खते, बैल, विहिरी व बाजारभाव या विषयांवर आमच्या मासिकात लेख नेहमी येतात. पीक ज्यांच्या हातांनी उभे राहते व ज्यांच्या हातांनी कापले जाते, त्या मजुरांविषयी मात्र "मजूर मिळत नाहीत, व मिळाले तर मजुरी परवडत नाही" यापलीकडे सहसा काही लिहिले जात नाही. ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, व त्याचा विचार प्रत्येक खातेदाराने करावा एवढ्यासाठी हा पाठ लिहिला आहे. तो प्रश्न असा: आपल्या शेतात राबणारा मनुष्य स्वखुशीने आला आहे, की कोणाच्या कर्जाने बांधून आणला आहे? आणि बांधून आणला असेल, तर "त्यास मुकादमाने आणले, आम्ही नव्हे" एवढे म्हणून आपली सुटका होते काय?

१. वेठ कशास म्हणावे

गुलाम म्हटला की पायात बेडी व पाठीवर कोरडा असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. हल्लीच्या वेठीस बेडी क्वचितच लागते. बहुतेक ठिकाणी तिचे काम कर्जाचा आकडा करतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९३० साली जो करार केला, त्यात सक्तीच्या मजुरीची व्याख्या दिली आहे. तिचा आशय असा की, कोणत्याही शिक्षेची धास्ती घालून करून घेतलेले व मनुष्याने आपखुशीने न पत्करलेले काम ते सक्तीचे काम होय. हिंदुस्थानने हा करार १९५४ साली मान्य केला. याच संघटनेच्या व तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली सर्व जगात सुमारे ४ कोटी ९६ लक्ष माणसे अर्वाचीन गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लक्ष सक्तीच्या मजुरीत व बाकीची सक्तीच्या विवाहात होती.

आपल्या देशात गुलामीस कायद्याचा आधार १८४३ सालीच काढून घेण्यात आला. तथापि सोळा वर्षांनी, १८५९ साली, एक निराळाच कायदा झाला. मजुराने आगाऊ पैसे घेतले व काम सोडले, तर मॅजिस्ट्रेटाने त्यास काम पुरे करण्याचा किंवा पैसे परत करण्याचा हुकूम करावा, व मजुराने काम पुरे करण्याचा हुकूम मोडल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद द्यावी, असे त्यात होते. सावकाराचे कर्ज बुडाले तर त्याने दिवाणीत जावे, पण मजुराची उचल बुडाली तर मजुराने तुरुंगात जावे, असा हा न्याय होता. हा कायदा रद्द करण्याचे १९२५ साली ठरले. कायदा गेला, परंतु "उचल घेतली म्हणजे मनुष्य बांधला गेला" ही समजूत लोकांच्या मनातून गेली नाही. ठाणे जिल्ह्यात वारली लोक लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेत, व त्या कर्जापोटी नवराबायको दोघेही वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबत. त्यांस 'लग्नगडी' असे नाव होते. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली वारल्यांनी या वेठीविरुद्ध चळवळ केली, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल.

ही जुनी हकीकत झाली असे कोणी म्हणेल, म्हणून अलीकडची उदाहरणे देतो. २०२२ साली नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले अगदी किरकोळ रकमेच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबण्यास दिली गेल्याचे उघडकीस आले. जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात पोलिसांनी विहिरींच्या खोदकामावरून अकरा मजुरांची सुटका केली. दिवसभर त्यांजकडून खोदकाम करून घेत, व रात्री ते पळून जाऊ नयेत म्हणून त्यांस साखळीने बांधून ठेवीत. विहीर शेतासाठी खोदली जाते. ठेकेदार कोठून कसा मजूर आणतो हे पाहण्याची चाल नसली म्हणजे काय घडते, त्याचे हे उदाहरण आहे.

२. पुरवठ्याची साखळी: बागेतील फरशीचे उदाहरण

या बाबतीत विलायतेतील एका धंद्यापासून आम्हांस शिकण्यासारखे आहे. तेथे लोकांच्या घरांभोवती बागा, हिरवळी, पायवाटा व कट्टे बांधून देणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. त्यांस फरशी व घडीव दगड फार लागतो, व त्यांतील बराचसा वालुकाश्म राजस्थानातील कोटा व बुंदी या भागांतून जातो. बुंदी जिल्ह्यातील बुधपुरा येथे लहान मुले घराच्या दारात बसून पायवाटेचे चौकोनी दगड घडवितात, हे अनेक पाहण्यांत दिसून आले. खाणीवरच्या मजुरास तेथे 'पेशगी' म्हणजे आगाऊ रक्कम मिळते. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन त्यास सिलिकोसिस हा रोग जडतो. तो अंथरुणास खिळला म्हणजे पेशगी फेडण्यास मुलगा कामावर जातो.

आता ही साखळी पाहा. बाग बांधणारा कंपनीकडून फरशी घेतो, कंपनी आयात करणाऱ्याकडून, तो निर्यात करणाऱ्याकडून, तो व्यापाऱ्याकडून, व्यापारी खाणवाल्याकडून, आणि खाणवाला ठेकेदारामार्फत मजूर आणतो. यांतील प्रत्येकास आपल्या लगतच्या माणसाचे तोंड दिसते, त्यापलीकडचे दिसत नाही. म्हणून प्रत्येकजण म्हणतो की आमचा व्यवहार चोख आहे. आणि सर्वांचे व्यवहार चोख असूनही शेवटच्या टोकाला एक मूल शाळा सोडून छिन्नी चालवीत असते.

हे ओळखून ब्रिटनमध्ये २०१५ साली अर्वाचीन गुलामगिरीविषयी कायदा झाला. ज्या कंपनीची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लक्ष पौंड किंवा त्याहून अधिक आहे, तिने आपल्या धंद्यात व पुरवठ्याच्या साखळीत गुलामी नसावी म्हणून काय केले, याचे निवेदन दरसाल प्रसिद्ध केले पाहिजे, असे त्यात आहे. त्या निवेदनात सहा बाबी असाव्यात असे सुचविले आहे: धंद्याची व साखळीची रचना, लेखी धोरण, तपासाची पद्धत, धोका कोठे आहे याची माहिती, केलेल्या उपायांचे फळ, आणि नोकरांस दिलेले शिक्षण. या कायद्यात उणेपणाही आहे. "आम्ही काहीच केले नाही" असे लिहून दिले तरी निवेदनाची अट पुरी होते. तरीही त्याने एक गोष्ट पक्की केली, ती ही की, साखळीच्या वरच्या टोकास बसलेल्याने खालच्या टोकाविषयी बोलले पाहिजे. या सहा बाबी आम्हांस आमच्या व्यवहाराला लावून पाहावयाच्या आहेत, व त्यासाठी उसाच्या फडाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

३. उसाच्या फडाची साखळी

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी या जिल्ह्यांतून, तसेच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव या कोरडवाहू भागांतून टोळ्या निघतात व कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत, त्याचप्रमाणे कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. कारखाना वाहतूकदारास पैसे देतो, वाहतूकदार मुकादमास, आणि मुकादम कोयत्यास. हीच उचल होय. पावसाळ्यात गावी काम नाही, दुकानाची उधारी थकली, मुलीचे लग्न किंवा आजारपण निघाले, अशा वेळी ती घेतली जाते. म्हणजे मजुरी ठरण्यापूर्वीच ती खर्च होऊन गेलेली असते.

फडावर आल्यावर मनुष्य कोपीत राहतो, पहाटे अंधारात कोयता चालू होतो, व गाडी भरण्याची वेळ कित्येकदा रात्रीची असते. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' लागतो, म्हणजे मजुरी बुडते ती बुडतेच व वर दंड चढतो. बाईस विश्रांती नाही, बाळंतपणाची रजा नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात अशी ओरड झाली, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, व त्यांपैकी १३,८६१ बायकांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. खाड्याची भीती हे याचे एकमेव कारण नसेल, परंतु ज्या बाईस महिन्याचे चार दिवस बसता येत नाही, ती डॉक्टराचा असा सल्ला लवकर ऐकते, हे समजण्यास फार विद्वत्ता नको.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या अमेरिकन वृत्तपत्राने याच फडांची हकीकत छापली, व महाराष्ट्रातील साखर घेणाऱ्या जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांची नावे तीत दिली. बुंदीच्या दगडाविषयी जो प्रश्न विलायतेत निघाला, तोच आमच्या साखरेविषयी निघाला आहे. उद्या गिऱ्हाईक कारखान्यास विचारील, व कारखाना आम्हांस विचारील. विचारणा येईपर्यंत थांबण्यापेक्षा आपले घर आपणच आधी झाडून घेतलेले बरे.

४. आकडा कसा फुगतो

महसूल खात्यात दफ्तर सांभाळण्यात आमचे आयुष्य गेले. त्यावरून एवढे सांगता येते की, ज्या देण्याघेण्याची नोंद एकाच पक्षाच्या हाती असते, तेथे दुसऱ्या पक्षाचे देणे कधी संपत नाही. हे पटावे म्हणून एक कल्पित हिशेब मांडतो. यातील दर व रकमा समजण्याच्या सोयीसाठी धरल्या आहेत.

समजा, एका कोयत्याने १,००,००० रुपये उचल घेतली. हंगाम वीस आठवड्यांचा, म्हणजे १४० दिवसांचा धरू. त्यांपैकी १३० दिवस काम झाले व १० दिवस आजारपणामुळे खाडे पडले. दोघांनी दररोज २ टन याप्रमाणे २६० टन ऊस तोडला. दर टनी ३५० रुपये धरल्यास मजुरी ९१,००० रुपये झाली. आठवड्याच्या बाजारासाठी मुकादमाने दर आठवड्यास १,००० रुपये खर्ची दिली, ती २०,००० रुपये झाली. म्हणजे घेतले १,२०,००० व कमाविले ९१,०००. खरी बाकी २९,००० रुपये.

आता मुकादमाची वही उघडू. तीत खाड्याचा दंड दररोज ५०० रुपयांप्रमाणे ५,००० रुपये चढला आहे. गाडीचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते व मजूर त्या वेळी फडात असतो. वहीत २६० टनांऐवजी २४७ टन मांडले आहेत. तेरा टनांची मजुरी ४,५५० रुपये येथे नाहीशी झाली. वहीतील बाकी झाली ३८,५५० रुपये. म्हणजे ९,५५० रुपयांचे कर्ज असे आहे की जे मजुराने कधी घेतलेच नाही. पुढच्या साली उचल मागावयास तो याच मुकादमाकडे जातो, कारण दुसऱ्याकडे गेला तर हा बाकी मागतो. बाकी फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही, व याच्याकडे राहिले तर बाकी फिटत नाही. वेठ म्हणतात ती हीच.

मजुरीचे मानही पाहा. ९१,००० रुपयांस १३० दिवसांनी भागिले तर दोघांस मिळून दिवसाचे ७०० रुपये, म्हणजे माणशी ३५० रुपये पडतात, आणि तेही पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाचे. आपल्या गावात या दराने किती तास काम करून मिळते, याचा विचार वाचकांनीच करावा.

हाच प्रकार आपल्या वाड्यातही घडू शकतो. पाडव्यास सालगडी ठेवताना आपण त्यास आगाऊ रक्कम देतो. वर्षाअखेर काही बाकी राहिली व "बाकी फेडल्यावाचून दुसऱ्याकडे राहावयाचे नाही" असे आपण म्हटले, की मालक व गडी हे नाते संपून धनको व बांधील असे नाते सुरू होते. ते कोणत्या क्षणी सुरू झाले हे पुष्कळदा मालकाच्याही ध्यानात येत नाही.

५. कायदा काय सांगतो

आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार, बिगार व सक्तीची मजुरी यांस मनाई केली आहे. वेठबिगार पद्धत नाहीशी करण्याचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला व १९७६ साली त्याचा कायदा झाला. उचलीच्या बदल्यात मजुरावर पुढीलपैकी कोणतेही एक बंधन आले, तर ती वेठबिगार होते: एक, नाममात्र मजुरीवर किंवा मजुरीशिवाय काम करणे, दोन, दुसरीकडे काम धरण्याचे स्वातंत्र्य जाणे, तीन, देशात हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य जाणे, चार, आपली मालमत्ता किंवा श्रमाचे फळ बाजारभावाने विकण्याचा हक्क जाणे. चारही असावयास पाहिजेत असे नाही, हे वाचकांनी नीट ध्यानात ठेवावे.

नुसती उचल देणे हा गुन्हा नव्हे. परंतु वरील बंधन आले की ते कर्ज कायद्याने नाहीसे होते, त्याबद्दलचा करार रद्द होतो व तारण सुटते. नाहीसे झालेले कर्ज वसूल करणे हादेखील गुन्हा आहे. वेठबिगारीची सक्ती करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हे कर्ज वेठीचे नाही असे शाबीत करण्याचा भार धनकोवर आहे. अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे असून, जिल्ह्यास व प्रांतास दक्षता समिती नेमण्याची तरतूद आहे. सुटका झालेल्या मजुराच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारची २०१६ सालची योजना आहे. तीत पुरुषास १ लक्ष, बायकांस व मुलांस २ लक्ष, व अत्यंत हालाच्या प्रसंगी ३ लक्ष रुपयांपर्यंत साह्य ठरविले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत दोन मोठे निवाडे दिले. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांसंबंधी १९८२ साली असे ठरले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे हीदेखील सक्तीची मजुरीच होय. कारण भुकेची सक्ती ही सक्ती नव्हे असे म्हणता येत नाही. फरिदाबादच्या दगडखाणींसंबंधी डिसेंबर १९८३ मध्ये असे ठरले की, सक्तीने काम करून घेतले जाते असे दिसले म्हणजे ते उचलीपोटीच आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे. म्हणजे "कागद दाखव" असे मजुरास विचारण्याची सोय राहिली नाही. कागद दाखविण्याची पाळी मालकाची आहे.

६. आपण करावयाच्या सहा गोष्टी

बागा बांधणाऱ्या कंपनीस ज्या सहा बाबी सांगितल्या, त्याच आता आपल्या कामास लावू.

पहिली, साखळी कागदावर मांडावी. आपल्या फडात कोणती टोळी येणार, मुकादम कोण व कोणत्या गावचा, कोयते किती, बरोबर मुले किती व त्यांची वये काय, प्रत्येक कोयत्यास उचल किती, एवढे एका कागदावर लिहून त्याची नक्कल मंडळाकडे ठेवावी. विहीर, वीटभट्टी किंवा बांधबंदिस्ती यांचा ठेका देतानाही हेच करावे. जो ठेकेदार मजुरांची नावे सांगत नाही, त्यास काम देऊ नये.

दुसरी, नियम लेखी असावा. मंडळाने ठराव करावा की, आमच्या सभासदांच्या शेतात चौदा वर्षांखालील मूल कामास लावले जाणार नाही. कोणाचे आधारपत्र किंवा शिधापत्रिका कोणी अडकवून ठेवणार नाही. खाड्याचा दंड लागणार नाही. मजुरास जावयाचे असल्यास त्यास कोणी अडविणार नाही. व खरी बाकी राहिलीच तर ती दिवाणी मार्गानेच मागितली जाईल.

तिसरी, तपास करावा. तोडणीच्या दिवशी खातेदार बांधावर असतोच. मुकादम समोर नसताना पुरुषास निराळे व बाईस निराळे विचारावे. बाईस आपल्या घरातील बाईने विचारावे. प्रश्न साधे असावेत. उचल किती घेतली? किती फिटली? वजनाची चिठ्ठी पाहावयास मिळते काय? उद्या घरी जावेसे वाटले तर जाता येईल काय? या शेवटच्या प्रश्नावर माणूस मुकादमाच्या कोपीकडे पाहू लागला, तर तेच उत्तर समजावे.

चौथी, धोका कोठे अधिक आहे ते ओळखावे. काम गावापासून दूर असणे; मजूर एकटेदुकटे व परमुलखातले असणे; रेल्वेस्टेशनावरून किंवा नाक्यावरून अनोळखी दलालाने माणसे आणणे; गुरांमागे परक्याचे लहान मूल दिसणे; मजुराच्या हाती कधीच पैसा न दिसणे; ही लक्षणे होत. हंगामाचा शेवट विशेष जपावा, कारण बाकीची निकड त्या वेळी लागते व माणसे डांबून ठेवण्याचे प्रकार त्याच सुमारास होतात.

पाचवी, फळ मोजावे. हंगामअखेर मंडळाने चार आकडे काढावेत: किती कोयत्यांच्या हाती हिशेबाची वही होती, गावी परतण्यापूर्वी किती जणांचा हिशेब पुरा झाला, किती मुले वसतिगृहात किंवा जवळच्या शाळेत राहिली, व तक्रारी किती आल्या. तक्रार एकही आली नाही यावरून सर्व ठीक आहे असे समजू नये. तक्रार ऐकणारा कोणी आहे हे मजुरास माहीत होते काय, ते आधी पाहावे.

सहावी, शिक्षण द्यावे. आपला मुलगा, ट्रॅक्टरवाला, सालगडी, मुकादम व कारखान्याचा चिटबॉय यांस वरील कायदा वाचून दाखवावा. मुलांसाठी १०९८ व पोलिसांसाठी ११२ हे दूरध्वनीचे आकडे कोप्यांजवळ मोठ्या अक्षरांत लावावेत.

या सहांत आम्ही सर्वांत अधिक महत्त्व हिशेबाच्या वहीस देतो. प्रत्येक कोयत्यास एक लहान वही द्यावी व तीत तारीख, गाडीचे वजन, दर, मजुरी, घेतलेली खर्ची, उचलीपोटी वळती केलेली रक्कम व उरलेली बाकी असे सात रकाने असावेत. वजनाची चिठ्ठी तीतच चिकटवावी. दर आठवड्यास दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत, आणि वही मजुरापाशी राहावी. मुकादमाने आपली निराळी ठेवावी. वाचता येत नसेल तर टोळीतील शिकलेल्या मुलाने वाचून दाखवावी. वर दाखविलेल्या हिशेबातील ९,५५० रुपये अशा वहीत चढूच शकले नसते.

७. काही शंका व त्यांचा विचार

पहिली शंका अशी की, उचल घेऊन मुकादम पळतो व वाहतूकदार शेतकरी बुडतो. हे खरे आहे. आमच्या सभासदांपैकी कित्येकांनी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतले व उचलीत पैसे घालविले. परंतु येथेही रोग तोच आहे, की पैसा एका माणसाच्या हातून जातो व नोंद त्याच्याच हाती राहते. उचल एकदम न देता हप्त्यांनी द्यावी, मजुराच्या बँकेतील खात्यात परस्पर भरावी, व मुकादमाचे कमिशन निराळे ठेवावे. मुकादमाने फसविल्यास त्याजवर फिर्याद करावी. त्याच्याबद्दल मजुरास किंवा त्याच्या बायकामुलांस अडकवून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, व त्याने पैसे तर येत नाहीतच, खातेदार मात्र आरोपी होतो.

दुसरी शंका अशी की, मजूर स्वतःच उचल मागतो, मग त्यात सक्ती कसली? गरजेपोटी कर्ज मागणे म्हणजे आपली मोकळीक विकणे नव्हे. आपणही सोसायटीचे पीककर्ज घेतो. परंतु ते फिटेपर्यंत गाव सोडावयाचे नाही, किंवा सांगेल त्या भावाने माल द्यावयाचा, असे सोसायटीने म्हटले तर आपण ते चालू देऊ काय? जे आपणास लागू करून घ्यावयास नको, ते मजुरास लागू करणे न्यायाचे नव्हे.

तिसरी शंका खर्चाची. तोडणी व वाहतूक यांचा खर्च आपल्याच उसाच्या बिलातून वळता होतो. तो पैसा आपला आहे, म्हणून तो कोयत्यापर्यंत किती पोहोचला हे विचारण्याचा आपणास हक्क आहे. फडात 'एंट्री' व 'खुशाली' म्हणून जे जादा पैसे आपणाजवळ मागितले जातात, त्याचेही एक कारण ठरलेली मजुरी मजुराच्या पदरात पुरी पडत नाही हे आहे. मधली गळती बंद झाली तर दोन्ही टोकांच्या माणसांचा फायदा आहे.

उपसंहार

सातबाऱ्याचा उतारा हाती असावा म्हणून आपण तलाठ्याच्या कचेरीत किती खेपा घालतो! नोंद आपल्या हाती नसेल तर हक्क डळमळतो, हे जमीनवाल्यास कोणी शिकवावयास नको. कोयतेवाल्याची जमीन म्हणजे त्याचे दोन हात, व त्यांचा उतारा म्हणजे ती सात रकान्यांची वही. ती त्याच्या हाती पडावी एवढी व्यवस्था करणे खातेदारास जड नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या फडात येणाऱ्या टोळीची यादी करून ती मंडळाच्या कचेरीत द्यावी, आणि मंडळाने कोरड्या वह्या छापून घेऊन टोळी उतरेल त्याच दिवशी कोप्यांवर नेऊन वाटाव्यात, अशी आमची सूचना आहे. येत्या सभेत ती विचारासाठी मांडली जावी, अशी सभासदांस विनंती करून हा पाठ पुरा करतो.